लाल नावांचा वाडगा

मी एक जुना वाडगा आहे. मित्रांनो, माझ्या काठाचा टवका उडालाय आणि पोटात हिंगुळाचा लाल डाग इतका मुरलाय, की घासून हात दुखतील, पण तो जाणार नाही.

मूळचा मी शुइशेंगचा भाताचा वाडगा. भट्टीतून निघालो तेव्हा पांढराशुभ्र होतो, अंगावर निळा मासा होता, आणि मला त्याचा बराच तोरा होता. आमचं घर फूच्येनच्या किनाऱ्यावरच्या चिनी कोळ्यांचं. तिथे धुतलेला वाडगा कुणी पालथा घालत नाही. वाडगा पालथा झाला की समुद्रावर होडी पालथी होते. शुइशेंगची आई, युएत्सुई, आम्हाला फडक्यानं पुसून उताणंच ठेवायची.

लहानपणी शुइशेंगनं मला उंबऱ्यावर आपटलं. फुटक्यात जेवू नये म्हणून मी फळीच्या कोपऱ्यात गेलो. वाटलं, संपलं. पण त्याचे वडील वारले, थडग्यावर दगड उभा राहिला आणि मला नवं काम लागलं. दगडावर मेलेल्याचं नाव काळं, जिवंत माणसाचं लाल. वडिलांचं काळं. शेजारी आईचं, आधीच कोरून ठेवलेलं, लाल. खाली शुइशेंग आणि त्याची धाकटी बहीण बीयुन, दोघंही लाल. दर वसंतात थडग्यावरचं गवत काढलं की माझ्यात हिंगुळाची पूड तेलात कालवायची आणि शुइशेंगनं कुंचला घ्यायचा.

"आई, तुझ्या नावाला रंग फार लागतो."

"मग हात आखडता घे. टाक मला लवकर काळी करून."

"नको बाई. मग बीयुनच्या हातचं जेवावं लागेल."

"दादा, तुझ्या नावाला शेपूट काढीन हं," बीयुन म्हणायची.

मग एका वादळात शुइशेंगची होडी गेली. तिची फळीसुद्धा मिळाली नाही, माणूस तर दूरच.

तेव्हापासून कुंचला आईनं घेतला. आधी लेकाचं नाव भरायची, मग रंग उरला तर स्वतःचं. तिचं नाव फिकं गुलाबी पडत चाललं.

"आई, लोक बोलतात," एकदा बीयुन हळूच म्हणाली. "दादाचं नाव आता..."

"लोकांनी जन्म दिलाय का त्याला? पूड कालव."

बीयुननं कालवली. पुढेही दर वसंतात कालवत राहिली. आईला दिसेनासं झालं तेव्हा तिचा हात धरून तिनंच कुंचला फिरवला.

"पुरेसं लाल झालंय का गं?"

"झालंय, आई. लांबून दिसेल."

गेल्या थंडीत युएत्सुई गेली. वसंतात बीयुन एकटी आली. आईच्या नावातला लाल खरवडून तिनं काळा भरला. मग कुंचला हातात धरून दादाच्या नावासमोर कितीतरी वेळ बसून राहिली.

"दादा, हा लाल आईसाठी होता रे," ती म्हणाली. "आता ती तिकडेच आलीय. भेटली असेल तुला."

आणि तिनं त्याच्या नावात काळा भरला.

माझ्यातला लाल एकाच नावाला लागला, तिच्या स्वतःच्या. मग तिनं मला झऱ्यावर धुतलं, सवयीनं फडकं हातात घेतलं आणि थांबली. थडग्याच्या पायरीवर तिनं मला अलगद पालथं ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा. समुद्रावर आमचं आता कुणीच नव्हतं.

मित्रांनो, टवका उडाला म्हणून वाडगा टाकू नका. आणि कुणी वाट पाहत बसलं असेल, तर त्याच्या घरचा वाडगा उताणाच राहू द्या.