माझ्या पंख्यातला कोळसा

मी बोलतोय, आणि रागानं बोलतोय. गेम खेळायच्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड आहे मी. पडद्यावर जे डोंगर, गाड्या, धावणारी माणसं दिसतात, ती सगळी मी रंगवतो.

कारखान्यात माझ्या अंगावर दोन पंखे बसवले आणि मला चकचकीत खोक्यात भरलं. खोक्यावर कंपनीनं छापलं होतं : ठरलेल्या मुदतीत हे कार्ड परत आणा, किमतीतला फरक भरा आणि वरच्या दर्जाचं कार्ड न्या. हा शब्द कंपनीचा होता. मी कुणाला काही कबूल केलं नव्हतं.

मी कोळसा खाणींच्या वणीला आलो, अर्पिताच्या घरी. घर चंद्रपूर रोडला लागून. समोरून दिवसभर कोळशाचे ट्रक. सकाळी पुसलेली खिडकी दुपारी काळी. अर्पिताची आई मथुराबाई सारखी फडकं घेऊन फिरायची. अर्पिता स्वतः मऊ ब्रशनं माझे पंखे झाडायची. आम्हा वस्तूंना राबवणारे पुष्कळ भेटतात, झाडणारे थोडे.

ती यवतमाळच्या चार मुलांसोबत संघात खेळायची. संघात मुलगी ती एकटीच. राज्याची स्पर्धा जवळ आली, नवा गेम जड निघाला आणि मला दम लागायला लागला. चित्र मध्येच थबकायचं.

"तू कार्ड बदल," कप्तान क्षितिज फोनवर म्हणाला, "नाहीतर आम्हाला दुसरा खेळाडू पाहावा लागेल."

खोक्यावरची मुदत अजून संपली नव्हती. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तिचा तो हक्क होता.

वडील पुंडलिकरावांसोबत ती मला एसटीनं नागपूरला, कंपनीच्या सेवा केंद्रात घेऊन गेली. काउंटरवरच्या माणसानं मला उघडलं आणि आतून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"हे घेता येणार नाही. चुकीचा वापर झालाय. कोळसा भरलाय आत. जरा स्वच्छ ठेवायला काय होतं?"

"चालू करून तं पाहा, साहेब," पुंडलिकराव म्हणाले.

त्यानं लावून पाहिलं. मी व्यवस्थित चाललो. तो आत जाऊन आला.

"वरिष्ठ म्हणतात, चूक तुमची होती एवढं मान्य करा. या वेळी घेऊन टाकू."

पुंडलिकराव हळूच म्हणाले, "म्हणून टाक ना बाई. तुले खेळाले जायचं हाय."

"काहून म्हणू, बाबा? आई दिवसभर पुसून राह्यली, मी झाडून राह्यली, अन् चूक आमचीच?" ती त्या माणसाकडे वळली. "विकताना तं तुमी काहीच नाही बोलले. खोक्यावर लिहा ना मग, वणीवाल्यायनं घेऊ नये म्हणून!"

"मग बदलून मिळणार नाही."

"नाही तं नाही."

तिनं मला ओढणीत गुंडाळलं. एसटीत पुंडलिकराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बरं केलं तू."

घरी येऊन तिनं गेममधलं गवत, सावल्या, ढग सगळं बंद केलं. मैदान भकास दिसायला लागलं, पण चित्र थबकेना. क्षितिजनं तिचा खेळ पाहिला आणि तिला संघात ठेवलं. स्पर्धेत ते तिसऱ्या सामन्यात हरले. माझ्यामुळे नाही, क्षितिज घाई करून एकटाच पुढे घुसला म्हणून.

आता मुदत संपली आहे. माझा एक पंखा कुरकुरतो. मी अजून अर्पिताकडेच आहे आणि माझा राग काही उतरलेला नाही.

मला घडवणाऱ्यांनो, तुम्ही मला घाणेरडं म्हणालात, ते मी गिळलं असतं. तुम्ही मात्र तिला तिच्या गावात राहण्याची माफी मागायला लावत होता. तुमचं नवं कार्ड माझ्याहून वेगवान असेलही. ते विकायला वणीत याल, तेव्हा तोंडाला रुमाल बांधू नका. इथली माणसं घेतात तोच श्वास घ्या, आणि मग बोला.