डाव्या चाकाची पिन

ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढ घ्यायची आणि घरी पोचल्यावर पुढच्या डाव्या चाकापाशी करपल्यासारखा वास यायचा. दातांची डॉक्टर असलेल्या सुनेने हे जेवताना सांगितलं आणि सासऱ्यांचा चेहरा उजळला. बसच्या डेपोत तीस वर्षं ब्रेकचंच काम करून ते निवृत्त झाले होते.

"कॅलिपर अडकलाय," ते म्हणाले. "ब्रेक दाबला की तो पॅडना चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर आवळतो. सोडल्यावर त्याने सोडायला हवं. हा सोडत नाहीये, म्हणून चाक तापतंय. रविवारी करून टाकू."

"तुम्ही खाली बसणार?" सासूबाईंनी विचारलं. "परवा मोजे मी घालून दिले, विसरलात?"

"मी बसते. बाबा सांगतील तसं करते," सून म्हणाली.

सासऱ्यांनी घास तोंडातच धरला. आपल्या पान्यांना त्यांनी आजवर पोटच्या मुलालाही हात लावू दिला नव्हता. पण गुडघ्यांपुढे कुणाचं चालतं?

रविवारी सकाळी अंगणात सून दवाखान्यातले हातमोजे चढवून आणि कपाळावर दिवा बांधून हजर झाली. सासरे खुर्चीत बसले. ते सांगतील तशा सुनेने मागच्या चाकांना विटा लावल्या, नट सैल केले, गाडी उचलून भक्कम स्टँडवर टेकवली, चाक उतरवलं. दोन बोल्ट काढल्यावर कॅलिपर हातात आला.

"लोंबकळत सोडू नकोस! त्या नळीतून ब्रेक ऑइल जातं. तारेने वर बांध."

तिने बांधला. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यातली खालची पिन बोटाने सरकली. वरची ढिम्म हलेना.

"हातोडी घे," सासरे म्हणाले.

"नको बाबा. दात ओढून नाही निघत, हलवून सैल करावा लागतो."

तिने पिनेला पाना लावला. थोडं इकडे, थोडं तिकडे, मधूनच तेलाचा थेंब. पंधरा मिनिटं हेच चाललं. शेवटी 'सुक्' असा आवाज होऊन पिन बाहेर आली. तिच्या टोकाचं रबर भिजलेल्या मनुक्यासारखं फुगलं होतं.

सासऱ्यांनी पिन डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, मग तिचा वास घेतला.

"बेअरिंगचं ग्रीस. याने रबर फुगतं. इथे ब्रेकचंच ग्रीस लागतं."

"कुणी घातलं हे?" सुनेच्या तोंडून निघून गेलं. आणि मग तिला आठवलं, गेल्या वर्षी हे काम घरीच झालं होतं.

सासऱ्यांनी अंगठ्याने पिनेवरचं ग्रीस पुसलं. "डेपोत नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी हे शिकवायचो," ते म्हणाले. "दोन्ही डबे निळे आहेत गं. मी अक्षरं वाचली नाहीत." मग पिन बोटांत फिरवत म्हणाले, "वाचता आली नाहीत. वर्ष झालं."

"आम्हाला बोलला का नाहीत?"

"पाने काढून घेतले असते तुम्ही."

सुनेने हातमोजा काढला आणि त्यांच्या हातातली पिन घेतली. "पाने तुमचेच राहतील. डबे मी वाचत जाईन."

ते हसले. आधी कसंनुसं, मग मोकळं. "उजवीकडेही तेच घातलं असणार. तेही उघडावं लागेल, डॉक्टरीणबाई."

पिना घासून पुसून झाल्या. नवी रबरं बसली, डब्यावरचं नाव मोठ्याने वाचून ब्रेकचं ग्रीस लावलं. पॅडना ढकलणारा, बाहेर आलेला पिस्टन तिने क्लॅम्पने हळूहळू आत दाबला, नवे पॅड बसवले आणि बोल्ट आवळले. उजव्या चाकाच्या वेळी मात्र खुर्चीतून एकही सूचना आली नाही. तिने वळून पाहिलं, तर सासरे मान टाकून घोरत होते.

गाडी खाली घेतल्यावर त्यांना जाग आली. "आधी पेडल दाब. चालू करायच्या आधी! पिस्टन आत ढकललेत ना, ते पुढे यायला हवेत."

पहिल्यांदा पेडल थेट तळाला गेलं. दुसऱ्यांदा अर्ध्यावर थांबलं, चौथ्यांदा घट्ट लागलं. ब्रेक ऑइलची पातळी बघून दोघं मागच्या रिकाम्या रस्त्यावर गेली.

"हळू चालव. आता दाब. स्टिअरिंग सैल धर."

गाडी नाकासमोर सरळ थांबली. तिने उतरून दोन्ही चाकांजवळ हात धरला. दोन्ही सारखीच कोमट.

परतताना सासरे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझी ती डोळ्यांची डॉक्टर मैत्रीण... कधी असते दवाखान्यात?"

"उद्या संध्याकाळी. नेते मी."

"ने. तिला सांग, चष्म्यावर भागत असेल तर बघ. आणि तू दुसऱ्या गिअरला का रांगतेयस मघापासून? तिसरा टाक की!"

तिने तिसरा टाकला.