बिनफुलांची रांग

जैद दुपारी दीडला झोपतो आणि तीनला शफाची शाळेची बस येते. मधला दीड तास माझा. पण त्या वेळी रत्नागिरीत चार वाजतात, अम्मीचा चहा उकळत असतो आणि तिचा फोन येतो.

"तिकिटाचं काय केलंत?"

"बघतोय अम्मी."

"बघा." एवढंच म्हणते. मग जैदला दात किती आले ते विचारते.

बाबा जानेवारीत गेले. जैद तेव्हा वीस दिवसांचा होता, त्याचा पासपोर्टही नव्हता. मी दोह्याच्या मदिनत खलीफा भागातल्या या दोन खोल्यांत बसून फोनवर माझ्या बाबांचा जनाजा घरातून निघताना बघितला. मार्चमध्ये पासपोर्ट आला. तेव्हापासून माझ्या नवऱ्याने, अश्फाकने, तीनदा तारखा काढल्या आणि तीनदा मीच काहीतरी कारण काढलं. शफाची परीक्षा, जैदचा ताप, मग उन्हाळा. खरं कारण अश्फाकला माहीत होतं, पण तो बोलत नव्हता.

बाबा स्वतः वीस वर्षं इथेच दोह्यात स्टोअरकीपर होते. दर दोन वर्षांनी यायचे तेव्हा आमच्या गल्लीला आधी अत्तराचा वास यायचा, मग बाबा दिसायचे. दोरीने करकचून बांधलेले खोके, हातात नवं घड्याळ, शेजारच्या बायकांना ब्लँकेटं. गल्फचा माणूस घरी येतो तो असाच सजून येतो. आता मी त्याच दारातून कशी शिरू? खोके नेऊ की नको? खाला-मामी जमतील, बॅगा उघडतील, 'माझ्यासाठी काय आणलंस गो' म्हणून हसतील, आणि बाबांची खुर्ची तिथेच असेल. हे मनात आलं की मी तारीख पुढे ढकलायचे.

समोरच्या व्हिलात मादाम मादलेन राहतात. सत्तरीच्या, स्वित्झर्लंडच्या. मुलगा इथे विमान कंपनीत आहे, त्याच्याकडे सहा महिन्यांसाठी आल्यात. ऑक्टोबरात हवा जरा बरी झाली तशा त्या संध्याकाळी नातवाला घेऊन आमच्या फाटकाशी यायला लागल्या. एकदा मी शफासाठी वहीच्या कागदाची झालर कापत होते. बाबा लग्नाघरी कापायचे तशी, घडीवर घडी घालून. मादाम तिथेच उभ्या राहिल्या.

"तुला कोणी शिकवलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. आमचं सगळं बोलणं इंग्रजीतच.

"वडिलांनी. ही कात्रीपण त्यांचीच. बोटं जाड होती ना, म्हणून मुठीला चिंधी गुंडाळलीय."

मादामनी कात्री हातात घेऊन बराच वेळ बघितली, मग सांगू लागल्या. त्यांच्या मुलखाचं नावच मुळी 'वरचा देश' असं आहे, शातो-दे गावाभोवतीचा डोंगराळ भाग. तिथे दीडशे वर्षांपूर्वी एक मजूर दारोदार फिरायचा आणि जेवण-निवाऱ्याच्या बदल्यात काळ्या कागदातून चित्रं कापून द्यायचा. त्याची बोटंही अशीच जाड, म्हणून म्हणे कात्रीला तारेची कडी लावलेली. त्याची चित्रं आता गावच्या म्युझियममध्ये आहेत.

दुसऱ्या दिवशी त्या एक पाकीट घेऊन आल्या. नातवाच्या शाळेत देशोदेशींची टेबलं मांडायची होती. पाकिटात मादामच्या आईने कापलेल्या तीन पट्ट्यांचे फोटो होते, त्यांना तशाच नव्या करून हव्या होत्या.

"माझे हात आता थरथरतात. तू करशील?"

मी हो म्हटलं. मग आठवडाभर दुपारी जैद झोपला की मी गायी कापत बसले. पहिल्या पट्टीत गायी उन्हाळ्यासाठी नागमोडी वाटेने डोंगरावर चाललेल्या, गळ्यात मोठमोठ्या घंटा. वर लाकडाचं घर, तिथे चुलीवरच्या कढईत चीज करतात, अजूनही लाकडाच्याच जाळावर. मादाम ते सांगत होत्या तेव्हा मला आमच्या मागल्या पडवीतल्या धुराचा वास आला. दुसऱ्या पट्टीत त्याच गायी थंडीआधी खाली उतरणाऱ्या. डोक्यावर फुलांचे तुरे, एकीच्या शिंगांत तर दूध काढायचं स्टूल सजवून बांधलेलं. तिसऱ्या पट्टीतही गायी उतरतच होत्या, पण नुसत्याच. फूल नाही, घंटा नाही.

"कोकणची पोर स्वित्झर्लंडच्या गायी हाकतेय," अश्फाक म्हणाला. "आमच्या डब्याला कधी एवढं नक्षीकाम केलं नाहीस."

"तुझ्या डब्याचं कोण प्रदर्शन मांडणारे?"

शफा वाकून बघत होती. "मम्मा, व्हाय दीज वन्स हॅव नो फ्लॉवर्स?"

"कापायची राहिली असतील," मी म्हटलं. "मादामची आई दमली असेल बिचारी."

बाबा नेहमी सांगायचे की झालरीत एकसुद्धा पान बोडकं सोडायचं नाही, लग्नाघरची माणसं वाईट मानतात. मी तिसऱ्या पट्टीतल्या गायींनाही तुरे दिले, घंटा दिल्या. सगळ्यांत सुंदर तीच झाली, असं मला वाटलं.

मादामनी पट्ट्या आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरल्या. पहिल्या दोन बघून मान हलवली. तिसरीवर त्यांचं बोट एकेका तुऱ्यावरून सावकाश सरकत गेलं.

"तू फुलं घातलीस."

"राहिली होती म्हणून."

"राहिली नव्हती, नूरैन." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "त्या साली माझा भाऊ वर डोंगरावरच वारला. एतिएन. एकोणीस वर्षांचा. वीज पडली. ज्या वर्षी वर असं काही घडतं, त्या वर्षी आमच्या घरच्या गायी फुलांशिवाय उतरतात. घंटासुद्धा काढून ठेवतात. आईने त्या हिवाळ्यात ही पट्टी कापली."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. मी सॉरी म्हटलं, पुन्हा म्हटलं.

"लोक काय म्हणाले?" मी विचारलं. "तुम्ही खाली आलात तेव्हा."

"काही नाही. गायी बघूनच त्यांना कळलं. रस्त्याच्या कडेला उभे राहिले, पुरुषांनी टोप्या काढल्या. कुणी एक शब्द विचारला नाही. म्हणून तर तसं करायचं, विचारायला लागू नये म्हणून."

"आणि तुमची आई? तिला नाही वाटलं, नकोच जायला खाली? वरच राहावं?"

मादामनी माझ्याकडे नीट बघितलं. मी खरं तर कोणाबद्दल विचारतेय ते त्यांना कळलं असावं.

"वर बर्फ पडतो," त्या म्हणाल्या. "उतरावं तर लागतंच. तिची आई खाली वाट बघत होती."

त्या गेल्यावर मी बाबांची कात्री घेतली. नवी पट्टी कापण्याची गरज नव्हती. एकेका गाईच्या डोक्यावरचा तुरा हलकेच कापला, मग गळ्यातली घंटा. काळी बारीक फुलं टेबलावर साठत गेली. रांग तीच होती, माना तशाच खाली, पण आता ती नीट चालत होती. जैद उठला, रांगत आला आणि एक फूल उचलून त्याने थेट तोंडात घातलं. ते काढता काढता मला रडू फुटलं. तो माझ्याकडे बघून हसत होता, त्याला वाटलं खेळ आहे.

मग मी अम्मीला फोन लावला. या वेळी मी.

"अम्मी, पुढच्या गुरुवारी येतोय. अश्फाकला आजच तिकिटं काढायला लावते."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी काही आणणार नाहीये. खोके नाहीत, कोणाला काही नाही. पोरांचे कपडे फक्त. तू खालाला आधी सांगून ठेव, मला दारात कोणी काही विचारू नये."

"तुझ्या खालाचं तोंड मी बंद करते," अम्मी म्हणाली. "काय आणू नको गो. तू ये." आणि मग, "कात्री आहे ना तुझ्याकडे? त्यांची?"

"आहे."

"ती आण. दारावरची त्यांची झालर पावसाने फाटली. तुझा मामा काढायला निघाला होता, मी हात लावू दिला नाही. म्हटलं नूरैन येईल, ती बघेल काय करायचं ते."

तीनला बस आली. शफाने दप्तर टाकलं आणि टेबलाशी गेली.

"मम्मा, यू टुक द फ्लॉवर्स ऑफ."

"हो. यांच्या घरचं कोणीतरी गेलंय."

ती रांगेवर वाकली. मग मराठीत, जी ती कधीच बोलत नाही, म्हणाली, "मग त्या घरी चालल्यात?"

"घरी चालल्यात," मी म्हटलं, आणि कात्री कपाटातल्या मोठ्या बॅगेत, अगदी तळाशी, पोरांच्या कपड्यांच्या आधी ठेवली.