शकुनच्या डोक्यातली गाठ आणि मी

मी एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. जन्म परदेशातला, पण सारं आयुष्य अकोल्याच्या एका दवाखान्यात गेलं, म्हणून मी स्वतःला वऱ्हाडीच समजतो. आता कपाटात पडून आहे आणि माझ्या काचांवर बुरशी चढली आहे. कोणी अधूनमधून मऊ फडकं फिरवलं तर बरं वाटेल. पूर्वी खिडकीतल्या उन्हाकडे आरसा वळवला की माझं काम सुरू होई. पाहायचं मी आणि कौतुक मात्र डॉक्टरांचं! मला त्याचा रागच यायचा.

१९६२ साली अकोटच्या फुलं विकणाऱ्या पार्बताबाई आपल्या मुलीला, शकुनला, घेऊन आल्या. पोरीचं डोकं ठणके, उलट्या होत, झटके येत. नागपूरहून आलेल्या सर्जननी कवटीला भोक पाडून आतल्या गाठीचा तुकडा काढला. आमचे डॉक्टर उत्तमराव म्हणाले, "कॅन्सर असंल तर आपण हात टेकले, बाई. त्याच्या पेशीवर नेमका घाव कुठं घालावा, हे अजून कोणालेच ठाऊक नाही. टीबीची गाठ असंल तर दवाई आहे."

टीबीचे जंतू रंगवल्यावर लाल काड्यांसारखे दिसतात. पण तुकडा पाहायचा दिवस नेमका खंडेनवमीचा! हत्यारांची पूजा म्हणून पार्बताबाईंनी मला झेंडूचा हार घातला आणि डोळा लावायच्या काचेवरच कुंकू टेकवलं. "माह्या पोरीचा जीव तुह्यापाशी हाय, बाप्पा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी डोळा लावला, तर जिकडेतिकडे लाल. "हे जंतू का कुंकू?" ते चिडून म्हणाले. पार्बताबाई रडायलाच लागल्या. मला सगळं दिसत होतं, पण सांगणार कसं? जीव नुसता कासावीस झाला.

डॉक्टरांनी काच पुसून पुन्हा पाहिलं. कुंकू गेलं होतं. बारीक लाल काड्या तिथेच होत्या.

"कॅन्सर नाही वो, बाई! टीबी आहे. पोरगी बरी होईल."

"टीबी निंघाला वो, माय!" म्हणत पार्बताबाई मटकन खाली बसल्या आणि हसू लागल्या. टीबीचं नाव ऐकून हसणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. मलाही हुश्श झालं.

मित्रांनो, डोकं रोज ठणकत असेल तर अंगावर काढू नका, वेळेवर तपासून घ्या. इंजेक्शनं आणि गोळ्या घेऊन शकुन पुढच्या उन्हाळ्यात आपल्या पायांनी आली. डॉक्टरांनी तिला माझ्यातून ते जंतू दाखवले.

"एवढुसे?" ती म्हणाली. "आन् यायनं मले खाटेवर पाडलं व्हतं?"

आणि ती इतकी हसली, की दारातल्या पार्बताबाईंनी पदर डोळ्यांना लावला.