शाकाहारी चेअरमन

लातूर नवा जिल्हा झाला आणि अहमदपूरकडच्या आमच्या गावालाही प्रगतीची हुक्की आली. तळ्यावरच्या भोयांची मच्छीमार सोसायटी निघाली. चेअरमन कुणाला करायचं? भोयांनी डोकं लढवलं आणि किराणा दुकानदार शिवप्पाला निवडलं. पक्का लिंगायत, मासळीचा वास आला तरी आंघोळ करणारा. असा माणूस तळ्यातलं काही खाणार नाही, असा त्यांचा साधा विचार. हसावं की रडावं, मला अजून कळत नाही.

पुढं दुष्काळ पडला. तळं आटून मधल्या डोहापुरतं उरलं. अशा साली डोहात जाळं टाकायचं नाही, हा भोयांचा रिवाज. अंड्यावर आलेल्या मासोळ्या तिथंच तग धरतात. भोई पोटाला चिमटा काढतात, पण डोहाला हात लावत नाहीत.

शिवप्पाला हा निव्वळ आळस वाटला. नव्या जिल्ह्यात उत्पादन वाढलं पाहिजे, असं कलेक्टर साहेब भाषणात म्हणाले होते. त्यानं समुद्रावरच्या एका कंपनीला तळं देऊन टाकलं. मोटारबोटी आल्या, चिलटही सुटणार नाही अशी बारीक जाळी आली.

"अप्पा, डोह तरी सोडा," भोयांची नागाबाई हात जोडून म्हणाली. "तेवढंच बियाणं हाय आमचं."

शिवप्पानं नाकावर रुमाल धरला. "बियाणं पाण्यात असतंय व्हय? बियाणं माझ्या दुकानात हाय."

बोटींनी डोह खरवडून काढला. टोपल्यांत काय आलं ते शिवप्पानं पाहिलं नाही, धर्म आड आला. साहेबांनी लातूरला बोलावून त्याला शाल दिली. शालीला वास नव्हता, म्हणून त्यानं ती घेतली. मला मात्र ती ओढून फाडावीशी वाटली.

पुढच्या साली तळं काठोकाठ भरलं. नागाबाईच्या जाळ्यात शेवाळ आलं आणि बेडूक आले.

मग त्याच कंपनीची लॉरी बर्फातली समुद्राची मासळी घेऊन बाजारात येऊ लागली. तळ्याकाठी जन्म काढलेली नागाबाई तीच घेऊन विकायला बसली. एकदा तिनं लॉरीवाल्याला विचारलं, "ही मासळी तुमच्याकडचे कोळी धरत असतील न्हवं?"

"धरायचे. आता कंपनीच्या बोटी धरतात."

"मग कोळी काय करायलेत?"

"मी कोळीच आहे, मावशी," तो म्हणाला आणि लॉरीतून बर्फाची लादी ओढू लागला.