दोन बोटं राखून

जव्हारच्या बाजारपेठेत कांतीलालशेठचं कापडाचं दुकान आहे. त्यांच्या कात्रीची ख्याती अशी की गिऱ्हाइकाने दोन मीटर मागितलं तर ते दोन मीटर आणि वर दोन बोटं कापतात. "कापड आटतं," ते म्हणतात, "राखून ठेवलेलं वाया जात नाही." माणूस भला, हात सैल, पण हा दोन बोटांचा हिशोब ते कापडापुरता ठेवत नाहीत, तीच पंचाईत. एसटी साडेआठची असली की हे आठला स्टँडवर. आभाळ निरभ्र असलं तरी काखेत छत्री. आणि घाटातून कुणाच्याही गाडीत बसले की उजवा पाय खालच्या मॅटवर असा रोवून धरतात, जणू ब्रेक यांच्याच पायाखाली आहे. डोळा म्हणून मिटत नाहीत. त्यांच्या पत्नी चंपाबाई म्हणतात, "ह्यांना घाटातून नेण्यापेक्षा लोणच्याची बरणी नेलेली परवडली."

अशा माणसाच्या घरात सून आली ती जनावरांची डॉक्टर. अक्षदाकडे मोखाडा तालुक्यातले पाडे होते. कुठे शेळ्यांना हगवण लागली, कुठे बैलाचा खूर फाटला, की हिला फोन येणार आणि ही निघणार. शेठचा मुलगा सर्वेश ठाण्याला नोकरी करतो, शनिवारी घरी येतो. बायको औषधांची पेटी घेऊन जीपची वाट बघत उन्हात उभी राहते, हे त्याला बघवेना. म्हणून दिवाळीला त्याने तिच्यासाठी पांढरी ऑटोमॅटिक गाडी आणली.

पहिल्याच आठवड्यात अक्षदाने हौसेने सासऱ्यांना शिरपामाळला फिरवून आणलं. चढावर तिने पाय ठेवला आणि गाडी अशी उठली की शेठनी दारावरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. रात्री डोळ्यांपुढे नुसती वळणं.

दोन दिवसांनी अक्षदा बैठकीसाठी एसटीने पालघरला गेली. शेठनी लगेच सुशीलला घरी बोलावलं. सुशील म्हणजे गाड्यांना सीट कव्हर, हॉर्न, दिवे असलं काय काय बसवणारा गावातला कारागीर.

"सून गाडी फार पळवते. काही करता येईल?"

सुशीलने डोकं खाजवलं. "शेठ, हल्लीच्या गाडीत पेडलपासून इंजिनापर्यंत तार नसते. पायाचा निरोप विजेवर जातो. मध्ये बसवायची एक डबी मिळते. लोक ती बसवतात गाडी चटकन उठावी म्हणून."

"आणि उलटं? सावकाश उठेल असं?"

"होतं की. सगळ्यात मंद करून देतो. पण लोक गाडी पळवायला येतात हो माझ्याकडे, तुम्ही पहिलेच असे!"

"कर मंद. आणि हे आपल्या दोघांतच."

पेडलच्या वर, अंधाऱ्या खबदाडात डबी बसली. सुशीलने काळ्या चिकटपट्टीने ती बांधून टाकली. शेठना वाटलं, आपण सुनेच्या पायातही दोन बोटं राखून ठेवली. त्या रात्री ते पोटभर जेवले.

अक्षदाला फरक दुसऱ्याच दिवशी जाणवला. पेडल निम्मं दाबलं तरी गाडी झोपेतच. तिने मॅट काढून बघितली, खाली काही अडकलंय का. पेट्रोल वाचवणारं इको बटण दाबलं गेलंय का तेही बघितलं. काहीच नव्हतं. चंपाबाई म्हणाल्या, "नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय!" मग तिने नाशिकला नेऊन दाखवली. तिथल्या लोकांनी गाडीला कॉम्प्युटर लावला, एअर फिल्टर पुसला, थ्रॉटल साफ केलं आणि चावी हातात देताना हसून सांगितलं, "गाडीत दोष नाही, मॅडम. पायाला अजून सवय नाही तुमच्या."

हे वाक्य ती घरी घेऊन आली आणि ते तिच्या अंगात मुरलं. चढावर गाडी रेंगाळली, मागून कुणी हॉर्न वाजवला, की तिला वाटे, चुकतंय ते माझंच. ती लांबचे पाडे टाळू लागली. जेवताना पूर्वी ती म्हशींच्या गमती सांगे, ते बंद झालं. आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिने ताटावर मान खाली घालून सांगितलं, "पालघरच्या ऑफिसात टेबलाचं काम आहे. उद्या होकार कळवते. मला घाट जमत नाही."

शेठनी वरणाची वाटी तोंडाला लावली.

सोमवारी सकाळी ती फोन हातात घेऊन बसली होती, तेवढ्यात तोच वाजला. सूर्यमाळचा येसू होता. "डॉक्टरीण बाय, गाय अडलीय. पाय भायेर आलाय, डोका नाय. बेगीन या."

अक्षदा उभी राहिली आणि तशीच थबकली. सूर्यमाळ म्हणजे चढच चढ. चंपाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "अहो, बघत काय बसलात? दुकान मी उघडते, तुम्ही जा तिच्याबरोबर. शेजारी माणूस असलं की धीर येतो."

मोखाडा मागे पडला आणि चढ सुरू झाला. शेठचा उजवा पाय मॅटवर रोवलेला होताच. एका वळणाआधी रस्त्याचं काम चालू होतं, अर्ध्या रस्त्यावर खडीचा ढीग. अक्षदा थांबली, समोर मोकळं आहे हे बघितलं, हॉर्न दिला आणि पेडल दाबलं. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकली. अर्ध्यात पोचते न पोचते तोच वळणावरून गवताने भरलेला टेम्पो उतरणीला आला. अक्षदाने पाय आणखी दाबला. गाडी विचार करत राहिली. तिने पेडल तळापर्यंत नेलं तेव्हा कुठे ती एकदम उसळली आणि टेम्पोला घासून निसटली. बाजूच्या आरशात गवताच्या काड्या अडकून राहिल्या.

पुढे रस्ता रुंद झाल्यावर तिने गाडी कडेला घेतली.

"बघितलंत ना, बाबा? नाशिकवाले खरं बोलत होते. दोष माझ्या पायातच आहे." तिने डोळे पुसले. "येसूला कळवते, दुसरं कुणीतरी बघा म्हणून. आपण परत जाऊ."

आता गप्प बसायला शेठना काय जात होतं? सून उद्या टेबलामागे बसली असती. ना घाट, ना वळण, ना यांच्या जिवाला घोर. त्यांना हवं होतं ते आयतं पदरात पडत होतं. पण त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. ही पोर लग्नानंतर आठ दिवसांत रेड्याच्या तोंडात हात घालून गोळी देणारी, आणि आज स्वतःच्या पायाला भीत होती. हे आपण केलं, जपायच्या नावाखाली.

"अक्षदा, गाडी बंद कर. किल्ली काढ. आणि जरा खाली उतर."

"का?"

"उतर म्हणतो ना."

ती उतरली. शेठ वळसा घालून तिच्या बाजूला आले, गुडघे टेकले आणि डोकं पेडलपाशी खुपसलं. टोपी रस्त्यावर पडली. अंधारात चिकटपट्टी नखांनी सोलता सोलता त्यांनी सगळं सांगून टाकलं: शिरपामाळचा चढ, सुशील, डबी. खालून सांगणं सोपं होतं, तिचं तोंड दिसत नव्हतं. एक खटका निघाला, मग दुसरा. गाडीची मूळ पिन त्यांनी पेडलला लावली. ती टच्च करून बसली. सुशील डबी बसवत होता तेव्हा तेच तर बॅटरीचा उजेड धरून उभे होते.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर काडेपेटीएवढी डबी होती.

अक्षदाने ती उचलून उलटसुलट करून बघितली. मग म्हणाली, "तीन महिने, बाबा. तीन महिने मी स्वतःला नालायक समजत होते. आणि तुम्ही समोर बसून वरण ओरपत होतात."

"चुकलं माझं."

"आत्ता तो टेम्पो आला होता अंगावर. तुमच्या या काळजीपायी दोघंही गेलो असतो."

शेठनी रस्त्यावरची टोपी उचलली.

"मागे बसा," ती म्हणाली.

ते गुमान मागे बसले, गमबूट, दोर आणि बादली यांच्यामध्ये. तिने गाडी सुरू केली. हलकाच पाय ठेवला आणि गाडी उठली. पुढच्या चढावर अक्षदाच्या तोंडून "अरे!" निघालं, त्यात राग नव्हता. मागे शेठचा उजवा पाय ब्रेक शोधत होता. त्याला बादली सापडली.

येसूच्या अंगणात गाय आडवी पडलेली होती. गंगी, येसूची बायको, तिच्या मानेखाली गोणपाट सारत होती. अक्षदाने खांद्यापर्यंत साबण लावला. "बाबा, उभे काय? शेपूट धरा." ज्या हातांनी जन्मभर कापड मोजलं त्या हातांनी शेठनी शेपूट धरली. वासराची मान मागे वळली होती. तिने दातओठ खाऊन ते आत ढकललं, चाचपत मान सरळ केली, दोर अडकवला आणि येसूला ओढायला लावलं. वासरू भस्सकन बाहेर आलं आणि निपचित पडलं. ते श्वास घेईना. अक्षदाने त्याच्या नाकपुडीत गवताची काडी फिरवली. वासरू शिंकलं.

"जगला!" गंगी ओरडली.

येसूने कपाळाचा घाम पुसला. "आजून थोडा टाईम गेला असता त दोनी गेली असती, बाय."

हे ऐकून शेठनी शेपूट आणखी घट्ट धरली. आता सोडा म्हणून त्यांना दोनदा सांगावं लागलं.

निघताना ते आपणहून मागचं दार उघडू लागले.

"पुढे बसा," अक्षदा म्हणाली. गाडी रस्त्याला लागल्यावर तिने सांगितलं, "घरी आईंना तुम्ही सांगायचं. सर्वेशलाही."

"सांगतो."

"सगळं."

"सगळं. राखून काही नाही." मग जरा वेळाने, चाचरत, "आणि ते पालघरचं?"

"कसलं पालघर? उद्या परत यायचंय. गाय उभी राहिली का बघायला नको?"

खडीचा ढीग आला. अक्षदा थांबली, समोरच्या जीपला वाट दिली आणि मग लोण्यातून सुरी जावी तशी गाडी काढली. शेठनी डोकं सीटला टेकलं. आरशात अजून एक काडी अडकलेली होती, वाऱ्याने हलत होती. ते त्या काडीकडे बघत राहिले.

त्यानंतरचं त्यांना एकदम ऐकू आलं ते चंपाबाईंचं बोलणं. गाडी दुकानासमोर उभी होती.

"अगं, ह्यांना काय झालं?"

"काही नाही, आई," अक्षदा हळू आवाजात म्हणाली. "अर्ध्या घाटापासून झोपलेत."

"हे? घाटात?" चंपाबाईंनी खिडकीतून हात घालून नवऱ्याच्या कपाळाला लावला. "ताप तर नाही ना आला?"