नानांच्या मनगटावरचे आकडे

मित्रांनो, मी पानांवर क्रमांक उमटवणारा एक जुना लोखंडी शिक्का आहे. ज्या माणसाने मला वीस वर्षं तेल घालून जपलं, त्याचंच मनगट माझ्यामुळे मोडलं. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कारखान्यात मला ओतलं, घासलं, पोटात आकड्यांची चार चाकं बसवली. मूठ दाबली की कागदावर आकडा उमटतो आणि पुढचा आपोआप वर येतो. मी सरकारी वकिलांच्या कचेरीत आलो, तो थेट जुने कारकून नाना यांच्या टेबलावर. माझ्यावाचून नानांचं पान हलत नसे.

आमच्या वकीलबाई घोटाळ्यांचे खटले चालवत. तिथे सुरे-पिस्तुलं नसत, कागद असत. पण त्या कागदांखाली कधीकधी माणसं मेलेली असत. शेवटचा खटला तसाच होता. एका ठेकेदाराने खोटे दाखले जोडून इस्पितळ बांधलं. स्लॅब कोसळला आणि चौदा मजूर चिरडले. फोटोंवर शिक्का मारताना नानांनी दोनदा चष्मा पुसला. ठेकेदाराला सिमेंट कच्चं असल्याचं आधीच कळलं होतं. तसा प्रयोगशाळेचा नऊ पानांचा अहवाल, त्याच्या सहीनिशी, बाईंनी मिळवला होता. दुसऱ्या दिवशी तो कोर्टात जायचा होता. शेवटच्या पानावर मी २३१६ उमटवला.

जेवणाच्या सुट्टीत तिघे आत शिरले आणि त्यांनी कडी लावली. त्यांनी अहवाल मागितला. नानांनी गठ्ठा छातीशी धरला आणि म्हणाले, "हे माझ्या घरचं नाही. देता यायचं नाही."

पहिला ठोसा तोंडावर बसला. नानांचा दात टेबलावर पडला. एकाने पोटात लाथा घातल्या, पण गठ्ठा सुटेना. तेव्हा दुसऱ्याने मला उचललं. मित्रांनो, मला ना ओरडता येत होतं, ना निसटता. त्याने नानांचा उजवा हात टेबलावर दाबला आणि मला मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचं मला माझ्या लोखंडात कळलं. दर घावाला माझा आकडा एकाने पुढे सरकत होता. तीन घाव. मग बोटं उघडली.

नऊ पानं त्यांनी फाडून तिथेच पेटवली. वकीलबाई धावत आल्या, तोवर राख उरली होती आणि नाना रक्तात पडले होते.

इस्पितळात डॉक्टर जखम धुवायला निघाले, तेवढ्यात बाईंचं लक्ष मनगटाकडे गेलं.

"थांबा, धुऊ नका. आधी फोटो काढा."

सुजलेल्या कातडीवर शाईत आणि रक्तात उमटलं होतं: २३१७, २३१८, २३१९.

ठेकेदाराचा वकील कोर्टात म्हणाला की गठ्ठा २३०७ लाच संपतो, असा अहवाल कधी नव्हताच. बाईंनी डॉक्टरांची साक्ष काढली आणि फोटो न्यायाधीशांपुढे ठेवला. मधले नऊ क्रमांक मग कशावर पडले, एवढंच त्यांनी विचारलं. मूळ पानं होती हे कोर्टाने मानलं, म्हणूनच प्रयोगशाळेत राहिलेली त्यांची नक्कल पुराव्यात घेतली आणि ठेकेदाराला शिक्षा झाली. त्या तिघांनाही झाली.

त्यांच्या खटल्यात मला ओळखायला नानांना बोलावलं. उजवा हात गळ्यात अडकवलेला होता. त्यांनी मला डाव्या हाताने घेतलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि म्हणाले, "हाच तो. याचा काही दोष नाही, साहेब."

आता मी जप्तीच्या खोलीत एका कोयत्याशेजारी गंजत पडलो आहे. तेल घालायला कुणी नाही. नानांची बोटं अजून मिटत नाहीत, सही ते डाव्या हाताने करतात, असं इथला शिपाई सांगत होता.

मित्रांनो, कुणाच्या हाती पडायचं हे मला ठरवता आलं नाही. तुमचे हात मात्र तुमचे आहेत. ते कुणावर उगारण्याआधी एकदा त्यांच्याकडे नीट बघा.